ओळंबा, कूलर आणि विज्ञान दिनाचा निबंध : नागपुरातल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी

अकरावीचा प्रवेश झाला की थोड्याच दिवसांत भौतिकशास्त्राचं जर्नल हातात पडतं. पुढे थंडीत कधीतरी कॉलेजच्या फलकावर विज्ञान दिनाच्या निबंध स्पर्धेची सूचना लागते. बहुतेक मुलं ही दोन कामं वेगवेगळी उरकतात. रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून येतात, निबंध इंटरनेटवरून येतो, आणि दोन्ही ठिकाणी आपलं म्हणावं असं एक वाक्यही नसतं.

मी नागपुरातच शिकले, बी.एस्सी. इथेच केलं आणि आता आमच्या भागातल्या मुलांकडून प्रॅक्टिकलची तयारी करून घेते. माझं सांगणं एवढंच आहे की एक प्रयोग स्वतःच्या हातांनी, घाई न करता पूर्ण करा. आलेलं उत्तर जसं आलं तसं लिहा आणि निबंध त्याच प्रयोगातून वाढू द्या. मग व्हायवालाही, म्हणजे तोंडी परीक्षेलाही, धाकधूक होत नाही आणि निबंधालाही विषय शोधत फिरावं लागत नाही. हे कसं करायचं ते पायरीपायरीने सांगते.

१. आधी प्रश्न ठरवा

जर्नलमध्ये प्रयोगाचा ‘उद्देश’ छापलेलाच असतो : साध्या लंबकाने गुरुत्व त्वरण (g) काढणे. तो तिथे तसाच राहू द्या, पण वहीच्या मागच्या पानावर आपला प्रश्न आपल्या शब्दांत लिहा. उदाहरणार्थ : पुस्तकात g कुठे ९.८ असतो, कुठे ९.८१. नागपुरात तो किती आहे, आणि मला तो कितपत अचूक मोजता येईल?

हा प्रश्न खरा आहे, कारण g सगळीकडे सारखा नसतो. पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्ताकडे g कमी होतो. उंचीवर गेलं तरी कमी होतो. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. अक्षांशाचं प्रमाणित सूत्र वापरून उंचीची दुरुस्ती केली की इथला g सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो. पुस्तकात सर्रास दिसणारा ९.८१ हा साधारण ४५ अंश अक्षांशाकडचा आकडा आहे. ओढूनताणून ९.८१ आणणारा विद्यार्थी नागपूरपेक्षा युरोपातल्या g च्या जवळ जातो. हे एकदा कळलं की उत्तर ‘जुळवायची’ इच्छाच कमी होते.

२. सामान

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सगळं मिळेल, पण तिथे वेळ कमी आणि एका टेबलाभोवती चार-पाच जण असतात. म्हणून हा प्रयोग आधी घरी करा. लागणारं सामान असं :

– गवंड्याचा ओळंबा, पितळी किंवा लोखंडी. इतवारीच्या लोहाओळीत किंवा घराजवळच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. घरात बांधकाम झालं असेल तर माळ्यावरही सापडेल.
– न ताणला जाणारा बारीक दोरा. रबरासारखा लांबणारा नायलॉन नको, लोकर तर अजिबात नको.
– टेलरकडचा जुना टेप नको, तो वापरून वापरून लांबलेला असतो. स्टीलचा टेप किंवा मीटरपट्टी घ्या.
– मोबाइलमधलं स्टॉपवॉच.
– दोन छोट्या सपाट लाकडी पट्ट्या आणि त्या आवळायला एखादा शिकंजा किंवा घट्ट दोरी.
– आलेख कागद, टोक केलेली पेन्सिल, आणि पाने न फाटणारी एक बांधीव वही.

ती वही सर्वांत महत्त्वाची. रीडिंग सुट्या कागदावर घेऊन नंतर ‘फेअर’ करायची सवय इथेच सोडा. चुकलेला आकडा एका रेघेने खोडा, खाली वाचता येईल असा ठेवा आणि शेजारी कारण लिहा : ‘पंखा चालू होता’, ‘मोजताना अडखळलो’. नंतर निबंध लिहायला बसाल तेव्हा याच शेरे-नोंदी कामाला येतील.

३. लंबक टांगणे

दोरा खिळ्याला गुंडाळून टांगू नका. लंबक हलतो तसा दोरा खिळ्याभोवती किंचित गुंडाळला जातो आणि सुटतो, म्हणजे प्रत्येक झोक्यात लांबी बदलते. प्रयोगशाळेत यासाठीच मधोमध चिरलेलं बूच देतात. घरी दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये दोरा घट्ट दाबून धरा, म्हणजे तो पट्टीच्या खालच्या कडेपासून नेमका सुटेल. लांबी त्या कडेपासून मोजायची.

पट्ट्या दाराच्या चौकटीला किंवा जड टेबलाच्या कडेला आवळा. आधार हलता कामा नये. ओळंबा झोके घेत असताना पट्टीला बोट लावून बघा. थरथर जाणवली तर आवळणं कमी पडलं आहे.

पंखा आणि कूलर बंद करा. मे महिन्यात दुपारी हे अशक्य असतं, म्हणून सकाळी सहाच्या सुमाराला बसा. तेव्हा घरही शांत असतं.

४. मोजणे

ओळंबा एका बाजूला थोडासा ओढा आणि सोडा. ढकलू नका, ढकललं की तो लंबगोल फिरायला लागतो. तसा फिरताना दिसला तर थांबवून पुन्हा सोडा.

‘थोडासा’ म्हणजे किती? पुस्तकातलं सूत्र (g म्हणजे चार पाय वर्ग गुणिले लांबी, भागिले दोलनकालाचा, म्हणजे एका दोलनाच्या वेळेचा, वर्ग) लहान कोनासाठी आहे. पाच अंशांपर्यंत दोलनकाल जेमतेम ०.०५ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दुर्लक्ष करण्याइतका. दहा अंशांना तो सुमारे ०.२ टक्के होतो, तीस अंशांना १.७ टक्के. सूत्रात दोलनकालाचा वर्ग आहे, त्यामुळे g मध्ये ही चूक दुप्पट होऊन बसते. एक मीटर दोऱ्याला पाच अंश म्हणजे मध्यापासून साधारण ९ सेंटीमीटर. जमिनीवर खडूने खूण करून ठेवा.

मोजणी मध्यावर करा, टोकाला नको. टोकाला ओळंबा क्षणभर रेंगाळतो, ‘आता’ कधी म्हणायचं ते ठरत नाही. मध्यावर तो सर्वांत वेगात असतो, त्यामुळे खूण ओलांडण्याचा क्षण स्पष्ट दिसतो. मागे भिंतीवर एक उभी रेघ काढा आणि डोळा, दोरा, रेघ सरळ ठेवून बसा.

आता सर्वांत जास्त मुलं जिथे फसतात ते. स्टॉपवॉच सुरू करताना ‘शून्य’ म्हणा. तिथून ओळंबा त्याच दिशेने पुन्हा मध्यावर आला की ‘एक’. सुरू करतानाच ‘एक’ म्हटलं तर ‘वीस’ म्हणताना प्रत्यक्षात एकोणीसच दोलनं झालेली असतात. मीटरभराच्या लंबकावर या एका चुकीने g जवळपास १०.८ येतो. कुणाच्या जर्नलमध्ये १०.८ दिसला की मी पहिल्यांदा हेच विचारते आणि बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं.

वीस दोलनं का मोजायची, हेही व्हायवाला हमखास विचारतात. बटण दाबताना आपला हात साधारण ०.२ सेकंद मागेपुढे होतो. एकच दोलन मोजलं तर २ सेकंदांत ०.२ ची चूक, म्हणजे १० टक्के. वीस मोजली तर ४० सेकंदांत तेवढीच, म्हणजे अर्धा टक्का. हाताची चूक तेवढीच राहते, ती वीस दोलनांत वाटली जाते.

प्रत्येक लांबीसाठी वीस दोलनांचा वेळ पाच वेळा घ्या आणि पाचही आकडे वहीत उतरवा. सगळे अगदी सारखे आले तर स्टॉपवॉच मिलिसेकंदात बघा. हाताने मोजलेले पाच आकडे तंतोतंत सारखे येत नाहीत, आणि परीक्षकांना ते ठाऊक असतं.

५. ओळंब्याचं रहस्य आणि आलेख

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्या प्रयोगाची खरी गंमत इथे आहे.

लंबकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोलकाच्या केंद्रापर्यंत धरायची असते. प्रयोगशाळेतला गोलक गोल असतो : व्हर्नियरने व्यास मोजला, अर्धा केला, दोऱ्याच्या लांबीत मिळवला, झालं. ओळंबा मात्र वर जाड, खाली टोकदार. त्याचा मध्य कुठे, हे पट्टीने सांगता येत नाही. मग अशा वस्तूने g काढायचा कसा?

दोऱ्याची लांबी (पट्टीच्या कडेपासून ओळंब्याच्या वरच्या कडीपर्यंत) बदलत चार-पाच लांब्यांना वेळ मोजा. समजा तुम्हाला असे आकडे आले :

दोरा ५६ सें.मी. – वीस दोलनांना ३१.१ सेकंद
दोरा ७६ सें.मी. – ३५.९ सेकंद
दोरा ९६ सें.मी. – ४०.२ सेकंद
दोरा ११६ सें.मी. – ४४.० सेकंद

आधी चुकीची वाट चालून बघा. दोऱ्याची लांबी हीच लंबकाची लांबी धरून प्रत्येक ओळीवरून g काढा. अनुक्रमे ९.१४, ९.३१, ९.३८ आणि ९.४६ येतात. एकच घर, एकच पृथ्वी, आणि दोरा वाढवला की g वाढतोय! हे शक्य नाही. आकडे असे एकाच दिशेने सरकत गेले की समजा, मोजण्यात कुठेतरी एक ठरावीक तुकडा सुटला आहे. हाताची चूक आकडे वरखाली विखुरते. एका दिशेला ओढत नाही. प्रयोगशाळेत कुठल्याही प्रयोगात हा फरक ओळखता आला पाहिजे.

आता आलेख काढा. आडव्या अक्षावर दोऱ्याची लांबी मीटरमध्ये, उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग. पहिल्या ओळीचा दोलनकाल १.५५५ सेकंद, वर्ग २.४१८. शेवटच्या ओळीचा २.२, वर्ग ४.८४. चारही बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेवर बसतात. रेषेचा चढ काढा : वर्गातला फरक २.४२२, लांबीतला फरक ०.६० मीटर, म्हणून चढ ४.०३७. g म्हणजे चार पाय वर्ग भागिले हा चढ. उत्तर येतं ९.७८.

ओळंब्याचा मध्य माहीत नसतानाही g मिळाला! कारण सुटलेला तुकडा प्रत्येक लांबीत सारखाच होता. त्याने सगळी रेषा बाजूला सरकवली, पण तिचा चढ बदलला नाही. आणि रेषा किती सरकली तेही आलेखावर दिसतं. ती मागे वाढवत न्या. आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे सुमारे ३.९ सेंटीमीटरवर छेदते. तोच तुमच्या ओळंब्याचा दडलेला मध्य, कडीपासून खाली ३.९ सेंटीमीटर. ओळंबा एका बोटावर आडवा तोलून बघा, साधारण तिथेच तोल सापडेल.

ही गोष्ट मुलांना पहिल्यांदा दिसते तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. ‘आलेख काढा’ असं जर्नलमध्ये का लिहिलेलं असतं, याचं उत्तर त्या रेषेत मिळतं.

आलेखाबद्दल दोन बारीक गोष्टी. पट्टीने बिंदूबिंदू जोडत जाऊ नका. सगळ्यांच्या मधून जाणारी एकच रेषा काढा. आणि रेषा शून्यातून जायलाच हवी म्हणून ती ओढून शून्यातून नेऊ नका, नाहीतर तो ३.९ सेंटीमीटरचा शोध तुमच्याच हातांनी पुसला जाईल.

६. उत्तरासोबत चूक किती तेही लिहा

‘g = ९.७८’ हे अर्धं उत्तर आहे. वरच्या मोजणीत हाताच्या चुकीचा हिशेब केला तर g मध्ये साधारण एक ते दोन टक्के इकडेतिकडे होऊ शकतं; पाच वेळा मोजून सरासरी घेतली असेल तर एक टक्क्याच्या आसपास. म्हणून लिहायचं : ९.८ अधिक-उणे ०.१.

याचा अर्थ नीट समजून घ्या. या पद्धतीने नागपूरचा ९.७९ आणि पुस्तकातला ९.८१ यांतला फरक ओळखताच येत नाही. तो ओळखायचा तर अचूकता ०.२ टक्क्यांच्या आत हवी. हे निष्कर्षात लिहायला मुलं घाबरतात, मार्क जातील असं वाटतं. उलट परीक्षकाला सर्वांत आधी हेच बघायचं असतं की आपल्या मोजणीची मर्यादा मुलाला ठाऊक आहे की नाही.

कुणाला जिद्द असेल तर पुढे जाता येतं. ओळंबा जड असल्यामुळे बराच वेळ झोके घेत राहतो. लांब दोरा घेऊन वीसऐवजी दोनशे दोलनं मोजा. ०.२ सेकंदाची चूक आता चारशेपेक्षा जास्त सेकंदांत वाटली जाते. मग अडचण वेळेची उरत नाही, लांबीची होते : मीटरभरात एक मिलिमीटर चुकला तरी ०.१ टक्का गेला. अशा मोजणीतून नागपूरचा g पुस्तकापेक्षा कमी असल्याचं दाखवता आलं, तर तेवढ्यावर एक सुंदर निबंध उभा राहतो.

७. जर्नल आणि व्हायवा

इथे फार सांगण्यासारखं नाही. बारावीला भौतिकशास्त्राच्या लेखीला ७० आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात, आणि जर्नल प्रमाणित नसेल तर परीक्षेला अडचण येते. म्हणून प्रयोग झाला त्याच आठवड्यात सरांची किंवा मॅडमची सही घ्या. फेब्रुवारीत रांगेत उभं राहू नका. व्हर्नियर, स्क्रू गेज हातात घेतलं की पहिल्यांदा लघुतम माप आणि शून्यांक त्रुटी लिहून टाका, मग मोजायला लागा. एकके विसरू नका. व्हायवाला जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणा आणि जे मोजलं त्यावर ठाम राहा.

नागपूरच्या मुलांसाठी एक खास सूचना अनुनाद नळीच्या प्रयोगाबद्दल. हवेतला ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो : ० अंशाला सुमारे ३३१ मीटर प्रति सेकंद, आणि पुढे दर अंशाला साधारण ०.६ ने वाढतो. पुस्तकातला ३४३ हा २० अंशांचा. आपल्या प्रयोगशाळेत एप्रिलच्या दुपारी ४० अंश असतील तर वेग ३५५ च्या जवळ यायला हवा. ३५५ आला म्हणून घाबरून आकडे बदलू नका. भिंतीवरच्या थर्मामीटरचं रीडिंग आधी जर्नलात लिहा.

८. निबंधाचा विषय निवडणे

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. बहुतेक स्पर्धा त्याच्या आगेमागे असतात. मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थाही विज्ञान निबंध स्पर्धा घेतात. विषय दिलेला असेल तर प्रश्नच नाही. ‘कोणताही विज्ञानविषय’ असं लिहिलेलं असेल तर मुलं कृष्णविवर, कृत्रिम बुद्धिमत्ता, चांद्रयान याच्यापलीकडे जात नाहीत. विषय वाईट नाहीत, पण त्यातलं तुम्ही काय पाहिलं, काय मोजलं? परीक्षकाच्या हातात एकाच विषयाचे ढीगभर निबंध असतात आणि सगळ्यांत तीच माहिती असते.

जे तुम्हाला घरून, गच्चीवरून, गल्लीतून दिसतं आणि मोजता येतं, ते घ्या. काही विषय नागपूरकरांनाच सुचतील :

– कूलर मे महिन्यात गारवा देतो, जुलैत का नाही?
– २६ मेच्या आसपास भरदुपारी आपल्या शहरात उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. ती सावली रोज मोजून अक्षांश काढता येईल का?
– ओळंब्याने नागपूरचा g.
– सिमेंटच्या रस्त्याचं आणि झाडाखालच्या मातीचं तापमान, सूर्य मावळल्यावर तासातासाला.

विषय सुचत नसेल तर गांधीसागर तलावासमोरच्या रामन विज्ञान केंद्रात एक दुपार घालवा. खेळणी हलवून परत येऊ नका. एकाच मांडणीसमोर अर्धा तास उभे राहा आणि ‘हे घरी कसं मोजता येईल’ एवढाच विचार करा.

रामन यांच्यावर लिहायचंच असेल तर एका चुकीपासून सावध राहा. काचेच्या ग्लासात पाणी, दोन थेंब दूध आणि टॉर्च घेऊन ‘हा रामन परिणाम’ असं विज्ञान दिनाला अनेक ठिकाणी दाखवतात. ते बरोबर नाही. दुधाच्या कणांवरून प्रकाश विखुरतो तेव्हा त्याची तरंगलांबी बदलत नाही. रामन यांनी पाहिलं ते असं की रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी सूक्ष्म भाग, साधारण कोटीत एखादा फोटॉन, वेगळ्या तरंगलांबीचा होऊन बाहेर पडतो. टॉर्चने ते दिसणार नाही. दुधाचा प्रयोग जरूर करा, आकाश निळं का दिसतं त्यासाठी तो छानच आहे, फक्त त्याचं नाव बरोबर लिहा. आणि रामन हे सरकारी हिशेब खात्यात नोकरीला असताना, १९१० च्या सुमाराला काही काळ नागपुरात होते, ही गोष्ट आपल्या शहरातल्या मुलांना माहीत असायला हवी. कार्यालयातली नोकरी करत फावल्या वेळात संशोधन करणारा तो तरुण पुढे १९३० मध्ये नोबेल घेऊन आला.

९. कूलरचा निबंध : मोजण्यापासून लिहिण्यापर्यंत

एक विषय पूर्ण उलगडून दाखवते. बाकीचे तुम्ही याच वाटेने करा.

दोन सारखे थर्मामीटर घ्या, लाल द्रवाचे, ५० अंशांपर्यंत मोजणारे. तापाचा थर्मामीटर चालणार नाही. पाऱ्याचा घरात नको, फुटला तर त्रास. आधी दोन्ही कोरडेच शेजारी शेजारी टांगून ठेवा आणि बघा : सारखं दाखवतात का? अनेकदा अर्ध्या-एक अंशाचा फरक असतो. तो लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक वेळी वजा करा. हे न करता केलेली सगळी मोजणी वाया जाते.

मग एकाच्या फुग्याला पातळ मलमलचा तुकडा गुंडाळा, त्याचं खालचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि दोन्हींवर पंख्याची हवा येऊ द्या. ओल्या थर्मामीटरचा आकडा उतरत जाऊन एका जागी थांबेल. तिथे दोन्ही लिहा. उन्हात नको, सावलीत.

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती कापडातून, थर्मामीटरमधून, भोवतीच्या हवेतून घेतली जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. विजेच्या भाषेत ती साधारण ०.६७ युनिट. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवरून वाहणारं पाणी दुपारभर हेच काम करत असतं.

हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तेव्हा ओला थर्मामीटर २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकतो. वीस अंशांहून जास्त फरक! पावसाळ्यात हवा ३१ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तो २८ च्या आसपासच अडकतो, कारण हवेत आधीच भरपूर बाष्प असतं आणि पाण्याची वाफ व्हायला वाव राहत नाही. कूलर कितीही मोठा आणला तरी तो ओल्या थर्मामीटरच्या खाली हवा नेऊ शकत नाही. तुमची मोजणी बरोबर आहे का हे बघायला सोनेगावच्या हवामान केंद्राने त्या दिवशी दिलेलं तापमान आणि आर्द्रता शेजारी लिहा. घरात आणि केंद्रावर फरक असणारच. तो का असेल याचाही विचार लिहा.

आता लिहिणं. सुरुवात ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’ अशी करू नका. प्रश्नाने करा, किंवा सरळ मोजणीने : ‘१२ मे रोजी दुपारी तीन वाजता आमच्या माजघरात कोरडा थर्मामीटर ४१ अंश दाखवत होता आणि ओला २३.’ अर्थात आकडे तुमचे, खरे. वाचणारा लगेच पुढच्या ओळीवर जातो.

त्यानंतर काय केलं ते सांगा, पण सामानाची यादी करू नका, ती जर्नलसाठी. मग काय दिसलं. मग का. कारण समजावताना सूत्र एखादंच पुरे. आजीला वाचून दाखवा. ती जिथे ‘म्हणजे?’ म्हणेल ते वाक्य पुन्हा लिहा.

इतिहास घालायचा तर तो तुमच्या प्रश्नाला चिकटलेला हवा. ओळंब्याच्या निबंधात न्यूटनचं सफरचंद नको. त्याऐवजी हे बघा : १६७२ मध्ये जाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलतज्ज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेन बेटावर गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तिथला g कमी होता. आणि आपल्याच देशात, भारताच्या महा-त्रिकोणमितीय सर्वेक्षणातल्या कॅप्टन बॅसेव्हींनी १८६५ पासून ठिकठिकाणी लंबक टांगून g मोजला. १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर मोजणी करतानाच ते वारले. तुमच्या दाराच्या चौकटीतला ओळंबा आणि त्यांचा लंबक एकच काम करतात. हे वाचणाऱ्याला आपोआप जाणवेल, वेगळं सांगायची गरज पडणार नाही.

शब्द मराठी वापरा, पण ओळखीचे. अडलं तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत वाचता येतो, त्यातल्या नोंदींत बहुतेक संज्ञा सापडतात. ‘थर्मामीटर’ला ‘तापमापी’ म्हणा किंवा थर्मामीटरच ठेवा, मात्र एका निबंधात एकच ठेवा.

आणि जे मोजलं नाही ते मोजलं असं लिहू नका. ‘संशोधनातून सिद्ध झाले आहे’ हे वाक्य आलं की स्वतःला विचारा : कोणत्या? सांगता येत नसेल तर वाक्य काढा.

१०. पाठवताना

स्पर्धेचं माहितीपत्रक दोनदा वाचा : शब्दमर्यादा, हस्तलिखित की टंकलिखित, कागदाची एक बाजू की दोन्ही, वयोगट. शब्दमर्यादा ओलांडलेला निबंध कितीही चांगला असला तरी बाजूला पडू शकतो. सहसा हे कागद मागतात :

– शाळेचं किंवा कॉलेजचं बोनाफाइड
– ओळखपत्राची झेरॉक्स
– मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांची सही-शिक्का असलेलं पत्र
– निबंध स्वतः लिहिल्याचं सहीचं निवेदन

बोनाफाइड शेवटच्या दिवशी मागायला जाऊ नका. कार्यालयात बारावीच्या अर्जांची गर्दी असते आणि सही करणारे सर नेमके रजेवर असतात. निबंधावर नाव लिहायचं की फक्त क्रमांक, हेही बघून घ्या. अनेक स्पर्धांत मुख्य पानांवर नाव चालत नाही, वेगळ्या पानावर लागतं.

पाठवण्याआधी निबंधाच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, आलेखाची एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि ती बांधीव वही सांभाळा. काही स्पर्धांत पुढच्या फेरीला तोंडी विचारतात, आणि पहिला प्रश्न बहुधा असतो, ‘हे आकडे कुठून आले?’ तेव्हा खोडलेल्या आकड्यांसकट, शेऱ्यांसकट ती वही उघडून त्यांच्यासमोर ठेवा.